फटफटीचं धाकटं जेट

॥ श्री ॥

आसेगाव, ता. २४ नोव्हेंबर १९४६

ती. उत्तमदादास गिरजेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. कस्तुरावहिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इकडे समदे खुशाल. मेथी यंदा अशी आली हाये का पाह्यतच राहावं. वांग्याले नजर लागन म्हनून आत्याबाईनं वाफ्यात काळं मडकं उलटं टांगलं, अन् मामाजीनं त्याच मडक्यावर डोकं आपटून घेतलं. दोन दिवस आमाले हसाची चोरी.

आता खरी गोष्ट लिहतो. तुमच्या जवायाची फटफटी सकाऊन चालू होत नाई. लढाईतून आल्यावर त्याइनं ती लष्कराच्या लिलावातून आनली, बाजूले लाकडाचा खोका बसवला, तवापासून आमच्या गल्लीतल्या समद्या मळ्याइचा भाजीपाला तेच नेतेत. उन्ह चढाच्या आत शेलूबाजार नाईतं मंगरूळ. बंडीनं जायचं तं मेथी मान टाकते, हे तुमाले ठाऊकच हाये. उन्हाळाभर, पावसाळाभर काई तकरार नव्हती. हिव पडलं अन् हे सुरू झालं. गरम असली का एका लातीत बोलते. थंडी असली का मुकी.

लात माराची ती उजव्या पायानं, अन् त्याइचा मोडला तो उजवाच. मिसरात वाळूत पडले होते, ते हाडूक वाकडंच जुळलं. मारून मारून नळी सुजते. कोनी हात लावाले गेलं का डोळे वटारतेत. रामरावभाऊ परवा मदतीले आले तं त्याइले म्हनले का तुमच्या बैलाची शेपटी पिरगाळाले मी येतो का. बिचारे आल्या पावली गेले. गेल्या बाजाराले मामाजीनं शेवटी बंडी जुपली. हे वट्ट्यावर बसून चाकाइकडे पाहून राह्यले होते. ते तोंड माह्यानं पाहवलं नाई.

अन् त्याच दिवशी तुमचं दुसरं पत्र आलं, कारंज्याच्या कापसाच्या जिनात चौकीदारीची जागा हाये म्हनून. त्याइनं वाचलं, घडी केली, कोटाच्या खिशात ठेवलं. म्हनले का संक्रांतीलोक पाहतो, नाईतं फटफटी इकून देतो अन् स्टुलावर बसाले जातो. दादा, लढाईवरून आल्यावर हा मानूस सहा महिने हसला नव्हता. त्या मशिनीवर बसून पैल्यांदा हसला. स्टुलावर बसून हसन का?

तुमी हायस्कुलात पोट्ट्याइले शास्त्र शिकवता. मांगं स्टोव्ह दुरुस्त करताना मिशा जाळून घेतल्या होत्या हे मी इसरली नाई, तरी पन इचारतो. काई उपाव असन तं लिहा.

वहिनीले नमस्कार. अशीच माया राहू द्यावी, जास्त काय लिहू.
आपली गिरजा

*

कारंजा, ता. १ डिसेंबर १९४६

चि. सौ. गिरजाबाईस उत्तमचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. मिशांचा उल्लेख कस्तुराने तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवला.

आधी चौकीदारीविषयी. ती जागा मला कोणी सुचवली नव्हती. मीच व्यवस्थापकांकडे जाऊन शब्द टाकला. रंगरावांच्या पायासाठी टाकला, असे मी स्वतःला सांगितले आणि ते खोटे नाही. पण तू जवळ राहायला यावीस, आमच्या दोघांच्याच घरात जरा आवाज यावा, हीही इच्छा त्यात होती. किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, याचा निवाडा मला करता येत नाही. रोजनिशीत तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा निराळे उतरले. म्हणून तुझ्या प्रश्नावर काम करताना मी मनापासून करतो आहे ना, याकडे मला लक्ष ठेवावे लागेल. तूही ठेव.

आता फटफटी. पेट्रोल जसेच्या तसे जळत नाही. त्याची वाफ होऊन हवेत मिसळावी लागते. थंडीत वाफ कमी होते, म्हणून पेट्रोल थोडे जास्त लागते. ते मोजून सोडण्यासाठी कार्बोरेटरमध्ये पितळेची एक छोटी गुंडी असते, तिला मधोमध भोक. तिला जेट म्हणतात. मला वाटते, ही गाडीही लष्करात मिसरसारख्या उष्ण हवेत चालली असणार, तेव्हा तिला तिथल्या बेताचे बारीक जेट बसवलेले असणार. आपल्याकडच्या पहाटेला ते पुरत नसावे. येथे मोटारींचे सामान विकणाऱ्याकडे लष्करी गाड्यांचे काही सुटे भाग आले आहेत. त्यांतून मोठ्या भोकाचे जेट शोधून उद्याच्या मोटारीने पाठवतो. रंगरावांना ते बसवता येईल.

ही कल्पना माझी आहे हे त्यांना सांग. लपवून केलेले मला आवडणार नाही आणि त्यांनाही नाही. आणि काहीही झाले तरी मशिनीजवळ विस्तव नेऊ नका.

तुझे सासरे बापूराव व सासूबाई आवडाबाई यांस नमस्कार. टेंगूळ उतरले का ते कळव. आमच्यावर आहे तसाच जीव असू दे.
तुझा
उत्तमदादा

*

आसेगाव, ता. ११ डिसेंबर १९४६

ती. उत्तमदादास शि. सा. न. वि. वि.

टेंगूळ उतरलं. बाकी तुमचं जेट बसवलं अन् काय सांगू! सकाऊन चालू व्हाले जशी मुकी होती तशीच मुकी. पन शेवटी उन्हात ठेवून, ढकलून चालू झाली तं काळा धूर सोडत अशी पळाली का आसेगावच्या कोंबड्या झाडावर. पंधरा दिवसाच्या कुपनाचं पेट्रोल चार खेपात पिऊन बसली. शेलूबाजारात मुनाफभाई, जो स्टोव्ह अन् गॅसबत्त्या दुरुस्त करते, त्यानं ह्याइले इचारलं का मास्तरनं फटफटीचं इंजन पाठवलं का रेल्वेचं. हे घरी येऊन मले सांगत होते तवा हसू दाबून होते, म्हनून मी तुमच्यावर रागावली नाई.

पन पुढचं हसाचं नाई. मामाजीनं पोळ्याची बैलाची झूल काढून रातभर मशिनीवर घातली, म्हनले जनावर हाये, हिव लागते. तिथलोक ठीक. आत्याबाईनं सकाऊन उठून शेगडी पेटवली अन् मशिनीच्या पोटाखाली सरकवली. तुमचं वाचून मी समद्याइले बजावलं होतं, पन त्याइले वाटलं मास्तरले शेगडीची भीती हाये, त्याइचा मिशांचा अनुभव हाये. ह्याइनं पाह्यलं अन् एवढ्या जोरानं चिल्लावले, शेगडी लाथेनं उडवली, त्याच पायानं. आत्याबाई म्हनल्या का मी का माह्याच लेकराले जाळून राह्यली का, अन् तवापासून बोलनं बंद. स्वैपाकघरातून मले सांगतेत, मी ह्याइले सांगतो. ह्याइचा पाय असा सुजला का बूट चढत नाई.

आता एक गोष्ट फक्त तुमाले. परवा हे नदीवर गेले तवा मी मशिनीले लात मारून पाह्यली. ते करतेत ते समदं मी रोज पाहतो. हवेचं झाकन लावलं, मूठ उलीशी फिरवली, अन् आंगाचा भार देऊन मारली. तिसऱ्या-चौथ्यांदा खोकली दादा! जीव आल्यावानी खोकली अन् बंद पडली. मंग मूठ जास्त फिरवून पाह्यली तं खोकेना बी. पुन्यांदा उलीशी केली तं पुन्यांदा खोकली. दुसऱ्या दिवशी बी तसंच. याचा काई अर्थ निघते का ते तुमी पाहा. मी मशिनीले लात मारली हे ह्याइले कळलं तं काय होईन ते मले माईत नाई. जे काम त्याइले जमत नाई ते बायकोनं मागून करून पाहावं, हे त्याइले शेगडीपक्षा जास्त भाजन.

तुमचं पत्र अजून कोटाच्या खिशातच हाये.

लेकीसारखं मानता तसं मानत राहा.
आपली गिरजा

*

कारंजा, ता. १५ डिसेंबर १९४६

चि. सौ. गिरजाबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या एका परिच्छेदाने माझी चूक उघडी पडली. मूठ थोडी फिरवली तर खोकते आणि जास्त फिरवली तर तेही नाही, हे वाचल्याबरोबर मी पुस्तक पुन्हा उघडले. जेट एक नसते, दोन असतात. थोरले वेगासाठी, मूठ बरीच फिरवल्यावर ते कामाला येते. गाडी उभी असताना आणि सुरू होताना मूठ जेमतेम उघडलेली असते, तेव्हा सगळे पेट्रोल धाकट्या जेटमधून येते. मी थोरले बदलले. म्हणजे झोपलेल्याला जास्त जेवण वाढले आणि जागा होता तो उपाशीच राहिला. हे सारे त्याच प्रकरणात पुढच्या पानावर होते. मी तिथवर वाचले नव्हते.

का वाचले नव्हते? उपाय सापडला या आनंदात, असे मला वाटते. उपाय फसला तर तू कारंज्याला येशील, म्हणून नव्हे ना, हेही मी स्वतःला विचारले. उत्तर नाही असे येते. पण ते फार लवकर येते, म्हणून मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. त्याची भरपाई म्हणून या वेळी सगळे पुस्तक वाचले, बोटींची इंजिने धरून.

धाकटे जेट येथे कुठेच मिळत नाही. आहे त्याचेच भोक किंचित वाढवावे लागेल. सोनाराकडे तार ओढायची पोलादी पट्टी असते, तिच्यात एकापेक्षा एक बारीक भोके असतात. ओळखीच्या सोनाराकडून चांदीच्या तारेचे पाच तुकडे ओढून घेतले. सोबत पाठवले आहेत, बारीकापासून जाडापर्यंत निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधून. सध्याच्या भोकात जी तार जेमतेम जाते ती ओळखा. मग तिच्यापुढची तार जेमतेम जाईल इतकेच भोक वाढवायचे, पुढे केसभरही नाही. वाढवलेले भोक लहान करता येत नाही. हे काम मुनाफभाईंच्या हातून व्हावे. स्टोव्हच्या निपलाची बारीक भोके ते रोज साफ करतात. थोरले जेट जुनेच परत बसवा.

जिनाच्या व्यवस्थापकांना मी संक्रांतीपर्यंत थांबायला सांगितले आहे.

शेवटचे. तू मशीन सुरू करून पाहिलेस, हे रंगरावांना सांगावेस असे मला वाटते. त्या खोकण्यावरूनच मला जेट कळले. ते श्रेय माझ्या पुस्तकाला मिळाले तर मी खोटा ठरेन. तरी सांगायचे की नाही आणि केव्हा, हे तुझे तू ठरव. मी कळवणार नाही.

आवडाबाईंना सांग की मास्तरला शेगडीची खरोखरच भीती वाटते. लोभ तुझ्याकडून कमी होणार नाही, हे ठाऊक आहे.
तुझा
उत्तमदादा

*

आसेगाव, ता. २६ डिसेंबर १९४६

ती. उत्तमदादास शि. सा. न. वि. वि.

झाली! चालू झाली!

मुनाफभाईनं अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. मी बी गेली होती संगं, त्याच्या बायकोनं, अमीनाबीनं, मले आत बसवून चहा पाजला अन् पडद्याआडून आमी दोघी पाहून राह्यलो. लाल दोऱ्याची तार भोकात जात होती, हिरवीची जात नव्हती. मुनाफभाईनं चौधारी सुई बोटात धरून फिरवली, फुकली, तार लावून पाह्यली, पुन्यांदा फिरवली. ह्याइनं उलीसं अजून करा म्हनलं तं त्यानं सुईच खिशात घातली, म्हनला का मास्तरनं चांदी पाठवली हाये, लोखंड नाई, जपून वागा. शेवटी हिरवी तार गेली अन् अडकली. मुनाफभाईनं डोळे मिटून बिस्मिल्ला म्हनलं.

दुसऱ्या दिवशी सकाऊन गल्लीतले समदे मळेवाले टोपल्या घेऊन हजर, जसा तमाशा. ह्याइनं मारली, एक गेली, दोन गेल्या, अन् मंग लागली बाप्पा! धूर नाई, खोकला नाई. मामाजी मशिनीशी बोलले का शाबास, अन् मंग लाजले. आत्याबाई अजून बोलत नव्हत्या, त्याइनं न बोलता ह्याइच्या हातात गुळाचा खडा ठेवला. आता बोलतेत.

तवापासून रोज चालू होते. पन दादा, ह्याइनं तुमचं ते चौकीदारीचं पत्र फाडलं नाई. मी वाट पाहून राह्यली का आता फाडतीन, मंग फाडतीन. काल मी इचारलं तं म्हनले का दोन-तीन लातीत लागते तो दिवस चांगला. जास्त हिव असलं का सात-आठ लागतेत, अन् आठवीनंतर पाय माहा राहत नाई. एखाद्या दिवशी समद्याइच्या टोपल्या भरलेल्या असतीन अन् मी खाली बसन. त्यापक्षा स्टूल बरं. हे त्याइनं रागानं नाई म्हनलं, हळू म्हनलं. रागानं म्हनले असते तं बरं झालं असतं.

मी लात मारल्याचं अजून सांगतलं नाई. त्याइचा आनंद पाहून तोंड उघडत नाई.

अजून उलीसं भोक वाढवलं तं चालन का? निळ्या दोऱ्याची तार मी जपून ठेवली हाये.

वहिनीले नमस्कार. तुमची माया हाये म्हनून धीर हाये.
आपली गिरजा

*

कारंजा, ता. ३० डिसेंबर १९४६

चि. सौ. गिरजाबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून कस्तुराने साखर वाटली. मी शाळेत वर्गाला धाकट्या जेटवर तासभर शिकवले, अभ्यासक्रमात नसताना.

निळी तार वापरू नका. आणखी वाढवले तर गार असताना कदाचित एखादी लात वाचेल, पण गरम झाल्यावर गाडी गुदमरेल आणि मग बाजारातून परत येताना बंद पडेल. दोन्ही वेळा साधेल असे भोक नाही. मी गणित करून पाहिले आणि मुनाफभाईंचा हात जिथे थांबला तेच बरोबर निघाले.

म्हणजे जेटने करण्यासारखे होते ते झाले. जे उरले आहे ते कार्बोरेटरमध्ये नाही. त्याला माझ्याकडे पुस्तक नाही आणि सल्ला देण्याचा अधिकारही मी स्वतःकडे घेत नाही, कारण ती जागा मीच मिळवून ठेवली आहे आणि माझे मन तिच्याकडे किती झुकते ते मला अजूनही ठाऊक नाही. एवढेच सांगतो: त्या मशिनीविषयी एक गोष्ट तुला माहीत आहे आणि रंगरावांना माहीत नाही. त्यांनी संक्रांतीला जे ठरवायचे ते ती गोष्ट माहीत असताना ठरवावे.

व्यवस्थापकांचा निरोप आला होता. त्यांना उत्तर हवे आहे.

तुम्हां सर्वांचा आठव रोज होतो, तुमच्याकडेही होत असावा.
तुझा
उत्तमदादा

*

आसेगाव, ता. ९ जानेवारी १९४७

रा. रा. उत्तमराव मास्तरभाऊ यांस रंगरावचा सा. न. वि. वि.

मले पत्र लिहाची सवय नाई. लष्करात दुसऱ्याइची पत्रं पोचवली, आपलं एक लिहलं नाई. चुकभूल माफ.

मंगळवारी इतकं हिव होतं का घमेल्यातल्या पान्यावर पापुद्रा आला होता. शेलूचा बाजार. टोपल्या भरून तयार, मेथीच्या जुड्या अजून ओल्या. मी लाता मारल्या. सात झाल्या, आठ झाल्या, पुढं मोजल्या नाई. मंग पाय असा गेला का मी तिथंच खोक्याले टेकून खाली बसलो. रामरावनं दुसरीकडे तोंड केलं, ते जास्त लागलं. बाबा गोठ्यात गेले अन् बैल सोडाले लागले. मी मनात म्हनलं का बस, आज मास्तरले उत्तर धाडतो.

तवा तुमची बहीन आली अन् समद्यासमोर म्हनली का ही मशीन माह्या लातीनं खोकते, मी डिसेंबरात दोन दिवस मारून पाह्यली, तुमी नदीवर होते तवा. अन् दादाले जेट कळलं ते माह्या लिहन्यावरून कळलं. आता तुमाले माराचं असन तं मले मारा, पन मेथी सुकली नाई पाह्यजे.

मास्तरभाऊ, खरं लिहतो. आंगाची आग झाली. हिनं माह्या माघारी केलं, अन् सांगतलं ते बी साऱ्या गल्लीत. मी वर पाह्यलं. ती हटून नव्हती राह्यली. मले एकदम इचार आला का ही रोज पहाटे वट्ट्यावर उभी राहून माह्या हाताकडे पाहते, मी समजत होतो का माही कीव करून राह्यली. ती शिकून राह्यली होती.

मी उठलो अन् मशिनीवर बसलो. हवेचं झाकन अन् मूठ माह्या हातात ठेवली अन् तिले म्हनलं का ये, उजव्या आंगानं उभी राहा, मी सांगतो तवाच मार. हात माहे, लात तिची. तिनं कासोटा खोचला. मायनं दोन्ही हातानं तोंड झाकलं, पन बोटाच्या फटीतून पाहत होती. पैली गेली. दुसऱ्या लातीत मशीन बोलली.

बाबानं बैल पुन्यांदा बांधले. रामराव म्हनला का बापूरावच्या घरी बैल आरामात अन् सून जुपली. मी त्याले म्हनलं का तुह्या घरी तं दोघंबी आराम करतेत, म्हनून तुही भाजी माह्या खोक्यात जाते. तो बी हसला. मी त्याले मांगं बैलावरून बोललो होतो, ते बी मिटलं. आता ठरलं हाये: ज्या दिवशी मले जमन त्या दिवशी मी, नाई जमलं का तिले हाक मारतो. काल मले जमत होतं तरी हाक मारली.

मुनाफले सांगतलं. तो म्हनला का जेट तं मी बी वाढवू शकतो, हे काई माह्या सुईनं झालं नसतं.

चौकीदारीची जागा फुलसिंगले द्या. धनजचा हाये, माह्याच पलटनीत होता, एक डोळा गेला पन दुसऱ्यानं दोघाचं पाहते. तुमी माह्यासाठी शब्द टाकला ते मी इसरनार नाई. तुमची बहीन म्हनते का त्यात तुमचा बी सवारथ होता अन् तुमी तो लिहून कळवला. असा मानूस मी पाह्यला नाई. बाजार नसन त्या दिवशी तुमी अन् वहिनी या, खोक्यात गादी टाकून आनतो.

एक काम हाये. लातीचं लोखंड तिच्या अनवानी तळव्याले लागते, टाचेले निळं झालं. ती सांगत नाई, पन लंगडते, अन् घरात एक लंगडा बस हाये. कारंज्याच्या दुकानात कॅनव्हासचे बूट भेटतेत, मजबूत तळव्याचे. इकडच्या बाया बूट घालत नाईत, लोक हसतीन, हसू द्या. तिच्या पायाचं माप सुतळीवर घेतलं, लांबीले एक गाठ अन् रुंदीले दुसरी, ती याच पाकिटात हाये. माप घेताना गुदगुल्या झाल्या म्हनून हसत होती अन् पाय हलवत होती, म्हनून मी दोन बार मोजलं. बरोबर हाये. मोठे धाडू नका.

वहिनीले माहा नमस्कार सांगा. आमच्यावर राग नसू द्या.
आपला
रंगराव